बाभळीखालची टिटवी

विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पक्ष्यांची शाळा भरायची, त्या काळातली ही गोष्ट. गुरुजी पाठमोरे बसून घरटं विणायचे आणि विणता विणताच गाठी सांगायचे. पिल्लं ऐकून विणायची. पिंजूला मात्र ऐकू येत नसे. त्याच्या चोचीतलं गवताचं पातं रोज तसंच वाळून जाई. शेवटी गुरुजींनी त्याला लांबच्या फांदीवर बसवलं. तिथून तो इतरांची झुलणारी घरटी बघत राही.

खाली माळावरच्या टिटवीला ते बघवेना. बाभळीभोवती घिरट्या घालत ती ओरडू लागली, "गुरुजी, त्याला ऐकू येत नाही, पण दिसतं ना? मग त्याच्याकडे तोंड करून विणा की!"

"आमच्यात पूर्वीपासून असंच शिकवतात."

"मग मीही गप्प बसणार नाही."

ती खरंच गप्प बसली नाही. अखेर वैतागून गुरुजी वळले. पिंजूने त्यांची चोच नीट पाहिली आणि पहिली गाठ मारली.

काही दिवसांनी स्वतःच्या घरट्यातून डोकावत त्याने विचारलं, "मावशी, तुझं घरटं कुठंय?"

टिटवी उघड्या मातीत अंड्यांवर बसली होती. त्याला दिसावं म्हणून चोच वर करून ती सावकाश म्हणाली, "माझ्या पायांना फांदी धरता येत नाही, बाळा. शाळा जरा खाली भरवा, असं तेव्हा कुणी म्हणालंच नाही."