हाक न मारणारी लखाई

घाटात गाडीचा रस्ता नव्हता आणि कोकणातलं मीठ माणसांच्या डोक्यावरून वर यायचं, त्या काळची ही गोष्ट आहे. किती वर्षं झाली ते कुणी मोजलेलं नाही. आमच्या आजोबांना ती त्यांच्या आजोबांनी सांगितली होती, आणि त्यांनीही ती ऐकलेलीच होती.

तेव्हा निसणीच्या माळावर गवळी धनगरांची अकरा घरं होती. माणसांपेक्षा म्हशी जास्त होत्या. माळाच्या पश्चिमेला कडा आहे आणि कड्याखाली कोकण. कोकणातून येणारी वाट आधी निसणीने, म्हणजे दगडांच्या उभ्या पायऱ्यांनी, वर चढते, मग एका अरुंद दांडावरून वाडीकडे वळते. दांडावर चालताना डाव्या हाताला चार पावलांवर जमीन संपते. पुढे खोल दरी आहे, आणि दरीच्या पलीकडे दुसरा डोंगर भिंतीसारखा उभा आहे.

माळावरची माणसं हाकेवर जगायची. म्हशीला हाक, जेवायला हाक, एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर निरोपाला हाक. हाक मारायची नाही ती फक्त एकाला, जो मेला त्याला. एखाद्याला हाक मारणं थांबलं की तो गेला, असं समजायचं. अशीच रीत होती.

त्या वाडीत लखाई राहायची. तिचा नवरा कोंडू एका पौषात धुक्यात चुकला. लखाई तेव्हा पंचविशीची होती आणि मुलगी झिमा पाळण्यात होती. लखाई दारात उभी राहून हाका मारत राहिली. "कोंडूऽऽ" म्हटलं की धुक्यातून "ओऽऽ" यायचं. पुन्हा हाक, पुन्हा ओ. मग एकदा ओ आली नाही. तिसऱ्या दिवशी धुकं उठलं आणि कोंडू कड्याखाली सापडला.

लोक म्हणाले, कड्याने नेला. लखाई रोज दांडावर जाऊन उभी राहायची. एकदा ती तशीच उभी असताना वाडीत कुणी लाकूड फोडत होतं. वाडी तिच्या उजव्या हाताला होती, पण कुऱ्हाडीचा आवाज तिला डावीकडून आला, समोरच्या डोंगरातून, दरीच्या पलीकडून. उजवीकडून काहीच ऐकू येत नव्हतं, कारण मध्ये टेकाड होतं. कोंडू कुठल्या आवाजाकडे चालत गेला होता ते तिला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून तिने कुणालाच लांबून हाक मारली नाही. काही काम असलं तर ती उठायची, चालत जायची आणि खांद्याला हात लावायची. म्हशीलासुद्धा. स्वतःच्या मुलीलासुद्धा. लोकांना तिने कुऱ्हाडीची गोष्ट सांगितली, पण धुक्यात चुकलेल्याला हाक मारायची नाही, हे कुणाच्या गळी उतरेना. वाडी तिला मुकी लखाई म्हणायला लागली.

पण तिला हवा कळायची, हे सगळे मानत. ती हवा तुपात बघायची. लोणी कढवून तूप गाडग्यात ओतलं की ते कसं थिजतं, यावरून ती येणारे दोन-तीन दिवस सांगायची. सावकाश थिजून मोठा रवा धरला तर हवा कोरडी आणि बरी. पण तूप घाईने थिजलं आणि मधोमध फट पडली, तर वारा पडणार, गारठा जमिनीला चिकटून बसणार आणि कोकणातून धुकं वर चढणार. जितकी फट खोल तितके दिवस. तिचं सांगणं कधी चुकलं नाही, असं म्हणतात.

एका पौषात म्हशींचं मीठ संपलं. मिठावाचून म्हशी चरेनात, पान्हा सोडीनात. वाडीचा कारभारी धाकू पाच जणांना घेऊन कोकणात उतरायला निघाला. त्या पाचांत झिमा होती, आता वीस वर्षांची. शेजारच्या ठकीचा एकुलता एक मुलगा बमूही होता.

लखाई गाडगं घेऊनच त्यांच्यापुढे आली. तुपात बोटभर खोल फट होती.

"धाकूदा, आज जाऊ नका. उद्या दुपारपास्नं धुकं हाय. तीन दिवस."

धाकूने वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं.

"लखे, तुझ्या तुपाला थंडी वाजत आसंल, तर त्याला घोंगडी दे पांघराया," तो म्हणाला, आणि सगळे हसले. झिमाही हसली, पण तिने आईकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

"बरं, जावा," लखाई म्हणाली. "पर उद्या दुपारच्या आत वर या. न्हाई जमलं तर खालीच ऱ्हावा. सूर्य दिसल्याबिगर निसणीला पाय लावू नका."

"व्हय गं बाय, व्हय," धाकू म्हणाला, आणि ते उतरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. कारवीचं पान हलेना. मग कड्याच्या कडेवरून पांढरं काहीतरी वर आलं, हळूहळू, दूध उतू जाताना येतं तसं. त्याने आधी दांड गिळला, मग टेकाड, मग गोठे. हात लांब केला तर बोटं दिसेनात. गारठा असा होता की म्हशींच्या पाठीवरचे केस कडक झाले. दिवस मावळायला अजून वेळ होता, पण दिवस कुठे आहे तेच कळत नव्हतं.

खालची माणसं तेव्हा निम्मी निसण चढून आली होती. मीठ मिळायला उशीर झाला होता, आणि आभाळ निळं दिसत होतं म्हणून धाकूने चढायचं ठरवलं होतं. आता त्यांना उतरता येईना, कारण ओल्या पायरीवर खाली पाऊल टाकवत नव्हतं. थांबताही येईना, कारण कपडे भिजले होते आणि बसलेला माणूस त्या गारठ्यात उठला नसता. ते कड्याच्या भिंतीला हात लावत वर येत राहिले. पायऱ्या संपल्या आणि ते दांडावर आले. तिथे धरायला भिंत नव्हती.

वाडीत सगळे गोठ्यापाशी जमले. आणि जे सगळे करत आले होते तेच त्यांनी केलं. ठकी ओरडली, "बमूऽऽ!"

धुक्यातून आलं, "ओऽऽ!"

"आला! माझा बमू आला!" ठकीने पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ आली.

लखाई ऐकत होती. दुसरी ओ पहिलीपेक्षा थोडी दरीच्या बाजूने आली होती. लखाईने धावत जाऊन ठकीच्या तोंडावर हात दाबला.

"गप! कुनीबी हाक मारू नका!"

ठकीने तिचा हात झटकला. "माझा बमू मेलाय का, हाक मारू नको म्हणायला? तुझ्या जिभेला हाड हाय का न्हाई, लखे?"

"माझीबी झिमी तिथंच हाय."

"मग मार की तिला हाक! आई हायस का कोन हायस?"

लखाईचा आवाज इतक्या वर्षांत तेव्हा पहिल्यांदा चढला, असं म्हणतात. "कोंडूला म्या मारला, ठके. कड्यानं न्हाई. म्या हाका मारून मारून त्याला कड्याव नेला. तुला तसं करायचं हाय का?"

ठकीने पदराचा बोळा करून तोंडात धरला.

मग लखाईने मातीच्या शेगडीत गोवऱ्यांचा विस्तव घेतला, तुपाचं गाडगं काखेत मारलं, आणि ती वाट पायाने चाचपत दांडावर गेली. वाट वाडीकडे वळते त्या वळणावर ती बसली. विस्तवावर तिने पळीभर तूप टाकलं. चरचर झाली आणि धूर निघाला. एरवी धूर वर जातो. पण गारठा इतका जड होता की धुराला वर जाता येईना. तो जमिनीवरून सरपटत दांडाच्या दुसऱ्या टोकाकडे गेला. जळलेल्या तुपाचा वास. त्या माणसांना जन्मापासून माहीत असलेला वास.

गाडगं रिकामं झालं तेव्हा मागून एक हात आला. हातात दुसरं गाडगं होतं. अकरा घरांतली माणसं वाटेवर एकमेकांना धरून रांगेत उभी होती आणि तूप हातोहात पुढे येत होतं. दिवाळीपासून साठवलेलं सगळं तूप. कुणी तोंडातून अक्षर काढत नव्हतं.

आणि सगळे गप्प असताना धुक्यातून हाक आली.

"बमूऽऽ!"

हुबेहूब ठकीचा आवाज. ठकी रांगेत उभी होती, तोंडात पदर होता, आणि आपलाच आवाज ती दरीच्या पलीकडून ऐकत होती. मग दुसरी हाक आली.

"झिमाऽऽ! ये गं माझी बाय, इकडं ये!"

तो आवाज लखाईचा होता. लखाई विस्तवापाशी बसली होती आणि तिचे ओठ मिटलेले होते.

दांडावर ते सहाही जण थांबले. समोरून तुपाचा वास येत होता आणि डावीकडून आईची हाक. धाकू म्हणाला, "झिमे, तुझी आय बोलवतीया. डावीकडं वाट हाय. चल."

झिमाने त्याचं धोतर घट्ट धरलं.

"ती माझी आय न्हाई," ती म्हणाली. "माझी आय हाक मारत न्हाई."

ती हातापायांवर बसली आणि नाक जमिनीला लावून वासामागे रांगायला लागली. डोक्यावरचं मीठ तिथेच टाकून बाकीचेही तिच्यामागे रांगायला लागले, प्रत्येकाने पुढच्याचा पाय धरलेला. हाका थांबत नव्हत्या. कधी रडून, कधी रागावून, कधी लहानपणी झोपवताना आई बोलते तशा हळू. धाकूला त्याच्या मेलेल्या आईने हाक मारली. तो रडत रडत रांगत राहिला.

झिमाचा हात विस्तवाजवळच्या पायाला लागला. लखाईने तिला जवळ घेतलं नाही. तिने फक्त खांद्याला हात लावला आणि तिला मागे सरकवलं. मग धाकू आला. मग एकेक करून तिघे आले. पाच झाले.

बमू आला नव्हता.

शेवटच्या माणसाने सांगितलं, माझा पाय बमूच्या हातात होता, तो कधी सुटला कळलं नाही. ठकी तिथेच कोसळली. तरीही तिने हाक मारली नाही. तिने पदर चावून फाडला, पण हाक मारली नाही.

लखाई उठली. झिमा तिला म्हणाली, "आये, नगं." लखाईने शेगडी दोन्ही हातांत उचलली, तापलेली, खाली कापडही न धरता, आणि ती दरीकडे चालत गेली. एक पाऊल, दोन पावलं, तीन, चार. रांगेतली माणसं पावलं मोजत होती. पाचवं पाऊल पडल्याचा आवाज आला. सहावंही आलं. तिथे जमीन नाही. तरी पावलं वाजत राहिली आणि लांब लांब गेली, असं म्हणतात.

थोड्या वेळाने बमू रांगत आला. दात वाजत होते. त्याने जे सांगितलं ते तो म्हातारा होईपर्यंत तसंच सांगत राहिला. तो आईच्या हाकेकडे चालला होता. मग समोरून, जिकडून हाक येत होती तिकडूनच, लाल विस्तव आला. विस्तवामागे लखाई होती. तिने एक शब्दही न बोलता त्याच्या खांद्याला हात लावला आणि त्याला वळवलं. हात इतका गार होता की घोंगडीतून हाडापर्यंत गेला. वळताना त्याने खाली पाहिलं. त्याचा एक पाय जमिनीवर होता. लखाईचे दोन्ही नव्हते.

तिसऱ्या दिवशी सूर्य निघाला. माणसं कड्याखाली उतरली आणि संध्याकाळपर्यंत शोधत राहिली. लखाई सापडली नाही. हाड नाही, लुगड्याची चिंधी नाही, शेगडीची खापरीसुद्धा नाही. झिमा सगळ्यांच्या मागे उरली होती. ती कड्याकडे तोंड करून खूप वेळ उभी राहिली. आईला हाक मारायची का नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं. हाक मारली नाही तर आई मेली असं झालं असतं, आणि मारली तर ओ कोण देईल ते सांगता येत नव्हतं. शेवटी ती हाक न मारता घरी आली. पण आई मेली असं मात्र तिने कधी म्हटलं नाही, आणि वाडीनेही म्हटलं नाही. लखाईचं दहावं-तेरावं कुणी घातलं नाही. अजून घातलेलं नाही.

आता घाटात रस्ता आहे आणि मीठ टेम्पोतून येतं. तरी पौषात तुपाला फट पडली की माळावरच्या प्रत्येक घरातून पळीभर तूप दांडाच्या वळणावर जातं आणि तिथे विस्तवावर जाळतात. धुकं चढलं की कुणी कुणाला नावाने बोलावत नाही. काम असेल तर चालत जायचं आणि खांद्याला हात लावायचा. त्या दिवसांत तुमच्या खांद्यावर गार हात पडला, तर मागे बघायचं नाही आणि कोण आहे ते विचारायचं नाही. हात वळवेल तिकडे वळायचं.

आणि हाक आली, अगदी आपल्या माणसाच्या आवाजात आली, तर ओ द्यायची नाही. पोरं चुलीपाशी एकमेकांना चिकटून बसतात आणि बाहेर कान लावतात. ती घाबरलेली असतात. आमच्याकडे त्यांना कुणी घाबरू नका असं म्हणत नाही.