हौसाच्या शब्दावरून

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याच्या राजाचं नाव आता कुणालाच सांगता यायचं नाही, आणि त्यावाचून आपलं काही अडतही नाही.

नदीकाठच्या एका गावात एक म्हातारी दवंडी पिटायची. नवरा गेला तेव्हा त्याचा डफ तिने आपल्या गळ्यात घातला, एवढंच. गावाची रीत अशी, की दवंडी कुणाच्या तरी शब्दावरूनच व्हायची. आधी डफ, मग 'राजाच्या शब्दावरून' नाहीतर 'पाटलाच्या शब्दावरून', आणि त्यानंतर बातमी. बिननावाच्या दवंडीला गाव चहाडी म्हणायचं.

दुसऱ्यांची नावं पुकारता पुकारता म्हातारीचं स्वतःचं नाव मात्र सगळे विसरले. तिला म्हणायचे डफवाली. रंगारआळीतल्या एका रंगाऱ्याची सून तेवढी रोज दुपारी तिच्या ओट्यावर येऊन टेकायची आणि 'हौसाआत्या' म्हणायची. त्या एका हाकेवर म्हातारीचा दिवस निघायचा.

एका साली गावातली पोरं आजारी पडू लागली. पोटं फुगायची, ओकाऱ्या व्हायच्या. एक पोर तर गेलंच. त्या दुपारी रंगाऱ्याची सून आली ती आपल्या मलूल लेकीला कडेवर घेऊनच. तिने हलक्या आवाजात सांगितलं, की रंगाऱ्यांनी विहिरीच्या वरच्या अंगाला नवी कुंडं खणलीत, त्यांतला रंग जमिनीतून विहिरीत पाझरतो, आणि हे पाटलालाही ठाऊक आहे. राजाचे शेले रंगवायचं काम हातचं जाईल म्हणून सगळे तोंड मिटून बसलेत.

"माझं नाव घेऊ नका, आत्या. सासरे घरात ठेवायचे नाहीत."

म्हातारीने शब्द दिला. पण नुसत्या ऐकीव गोष्टीवर डफ बडवणारी ती नव्हती. एक पांढरी चिंधी दगडाला बांधून तिने दिवसभर विहिरीत सोडली. वर काढली, तर गुलाबी.

चिंधी घेऊन ती आधी पाटलाकडे गेली. पाटील हसला. "रंगाऱ्यांच्या गावात चिंधीला रंग लागायचाच. माझ्या नावाने असली दवंडी व्हायची नाही."

मग तिने देवळातल्या शास्त्रीबुवांना विचारलं. ते म्हणाले, खरं सांगणं हा दवंडीवाल्याचा धर्म. पुढे काय होईल ते बघणं त्याचं काम नाही. बोलणं सरळ होतं. पण शास्त्रीबुवांच्या आळीत एकही रंगारी राहत नव्हता.

धान्य मोजणाऱ्या मापाऱ्याने आपल्या सवयीप्रमाणे सगळं तोलून पाहिलं. एका पारड्यात चाळीस रंगाऱ्यांच्या चुली, दुसऱ्यात गावची पोरं. "पारडं पोरांकडे झुकतंय," तो म्हणाला. "पण तुझं कोण ऐकणार? ज्या बाईने सांगितलं तिचं नाव घे. एक बाई घराबाहेर निघाली तर निघाली, गाव तर वाचेल."

हे शब्द म्हातारीला डोळ्यातल्या खड्यासारखे खुपले.

घरी येऊन ती भाकरी घेऊन बसली. तिच्या पंगतीला रोजचा कावळा होताच. तो म्हणाला, "सगळ्यांना विचारून आलीस. पण तुझं अडलंय कुठे?"

म्हातारीने भाकरीचा एक तुकडा त्याच्याकडे टाकला. मग म्हणाली, "रंगारआळी दुखावली, की माझ्या ओट्यावर कुणी यायचं नाही."

"मग जिचं पोर गेलं, तिला जाऊन सांग तसं. माझा ओटा ओस पडेल म्हणून मी गप्प राहिले, म्हणावं."

घास म्हातारीच्या हातातच राहिला.

सकाळी ती विहिरीवर उभी राहिली. तिने डफ वाजवला. बायका घागरी धरून थबकल्या.

"हौसाच्या शब्दावरून," ती म्हणाली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोण हौसा?

"मीच हौसा. या विहिरीचं पाणी पिऊ नका. वरच्या कुंडांतला रंग यात उतरतोय. खोटं वाटत असेल तर पांढरी चिंधी सोडून बघा. आणि रंगारी काही आपले वैरी नव्हेत. त्यांना नदीच्या खालच्या अंगाला जागा द्या."

पाटील धावत आला. कुणी सांगितलं, म्हणून दरडावू लागला.

"शब्द माझा आहे," हौसा म्हणाली. "माझं काय करायचं ते करा."

त्या दिवशी घराघरातून चिंध्या आल्या आणि साऱ्या गुलाबी निघाल्या. कुंडं बुजली, खालच्या अंगाला नवी खणली गेली. शेल्यांचं काम वर्षभर बंद पडलं. पोरं हळूहळू बरी झाली. पाटलाने डफ काढून घेतला, आणि रंगारआळीने तिच्याशी बोलणं टाकलं.

पुढे एकदा रंगाऱ्याची सून विहिरीवर दिसली. लेक धडधाकट, घागरीभोवती नाचत होती. सुनेचे ओठ हलले. 'आत्या' म्हणून हाक मारायचा अवकाश, की भोवतालच्या बायकांनी ओळखलं असतं बातमी कुठून आली ते. म्हणून हौसानेच आधी तोंड फिरवलं आणि अनोळखी बाईसारखी ती दोर ओढत राहिली.

आता तिचं नाव गावभर ठाऊक होतं. त्या नावाने हाक मारणारं मात्र कुणी उरलं नव्हतं.

तात्पर्य एवढंच, की खरं सांगायचं ते स्वतःच्या नावावर सांगावं, आणि त्याचा भार आपल्यावर विश्वास टाकणाऱ्याच्या डोक्यावर देऊ नये.