कारासारच्या बायका उभ्यानं का रडतात

मंडळी, समोरच्या कड्यात ती चौकोनी खाच दिसते ना, तिथला दगड रोमन लोकांनी कापून नेला. आमच्या आर्मेनियातून पुष्कळ काही गेलं, पण ह्या दगडाची गोष्ट कारासार गाव विसरलेलं नाही.

फार जुना काळ. रोमन फौजेनं हे खोरं जिंकलं आणि गावातले सगळे पुरुष बांधून नेले. देश जिंकला की त्याची मूर्ती घडवायची त्यांची रीत होती म्हणे. हरलेला देश म्हणजे जमिनीवर बसलेली बाई, केस सुटलेले, मान खाली. फौजेबरोबर दिओन नावाचा ग्रीक मूर्तिकार होता. मूर्तीचा नमुना म्हणून समोर बसायला त्यानं गावातली सहानुश निवडली. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा झारेह कैद्यांत होता.

तिनं नकार दिला. तेव्हा रोमन सरदारानं दुभाष्यामार्फत सांगितलं, "मूर्ती पुरी झाली की पुरुष सोडू."

सासू म्हणाली, "बस, पोरी. झारेह घरी आला की ही लाज आपण विसरू."

मग सहानुश सगळ्या गावादेखत केस सोडून ह्या कड्याखाली बसली. तिच्या डोक्यावर आमच्या राजांची उंच टोपी चढवली, पायाशी मोडकं धनुष्य टाकलं. थंडी पडू लागली, तरी उजाडल्यापासून मावळेपर्यंत ती हलायची नाही. दिओन तिला पाणी द्यायचा, पण तिच्या नजरेला नजर देत नसे, असं सांगतात.

मूर्ती कड्यातच कोरून झाली. दगड कड्यातून सुटा करून गाड्यावर चढवला. दिओनला आमची भाषा थोडी यायची. सहानुशनं त्याला विचारलं, "आमची माणसं कधी येणार?"

"तू बसलीस त्याच्या आधीच त्यांना समुद्राकडे नेलं. विकायला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू बसली नसतीस."

ती उठू गेली, पण गुडघे सरळ होईनात. बायकांनी तिला उचलून घरी नेलं. बर्फ पडायच्या आत ती गेली. तिला मातीत ठेवताना सासूनं सगळ्यांना शपथ घातली, की ह्यापुढे कारासारची बाई दुःखात जमिनीवर बसणार नाही. झारेहचं काय झालं, कुणाला कळलं नाही.

अजूनही इथं कुणी गेलं की बायका उभ्यानं रडतात. गेल्या हिवाळ्यात माझी बायको अस्तघिक गेली. तिची म्हातारी बहीण काठी टेकून दफन संपेपर्यंत उभी होती. मी म्हटलं, "बस, कुणी काही म्हणणार नाही." ती बसली नाही.

पण मंडळी, उभं राहून आजवर कुणाचं माणूस परत आलेलं नाही.