सावळखेडच्या बारवेतला एकटा हत्ती

सावळखेडची बारव बघायला आलेले पाहुणे आधी जरा हिरमुसतात. ना कमान, ना कोनाडे, ना वेलबुट्टी. रुंद पायऱ्यांची एक सरळ रांग आणि उजव्या हाताला सपाट भिंत, बस. मग अर्ध्या वाटेवर भिंतीतून सोंड काढून उभा असलेला एकच हत्ती दिसतो आणि सगळी मंडळी फोटोसाठी तिथेच दाटी करतात. हत्ती देखणा आहे, यात वादच नाही. पण गावातली बाई त्याला कधी हात लावत नाही. त्याचं कारण असं सांगतात.

फार पूर्वी इथे सगुणा नावाची एक विधवा राहत होती. ज्या साथीत तिचं तान्हं मूल गेलं, त्याच साथीत एका पाथरवटाचं पोर पोरकं झालं. तिने त्याला पदराखाली घेतलं, आपल्या दुधावर वाढवलं. त्याचं नाव बहिर्जी. तो मोठा होऊन असा कसबी निघाला की परगण्याच्या देशमुखांनी गावची बारव बांधायचं काम त्यालाच दिलं. तोवर सगुणेची नजर पार गेली होती. ओढ्याची घसरण तिला उतरवेना. जिने उभ्या जन्मात कुणाकडे तांब्याभर पाणी मागितलं नाही, ती आता शेजारणीच्या सवडीची वाट बघत दारात बसू लागली. आंधळेपणापेक्षा तेच तिला जड जाई.

बहिर्जीने सुरुवात मात्र शहाणपणाने केली. माळावर राखेने अख्खी बारव आखली, खऱ्या मापाची, आणि गावाला सांगितलं की यात चालून बघा, तुमच्या पायांना काय हवं ते बोला. बायका भरल्या घागरी घेऊन चालल्या आणि पायऱ्या रुंद मागून गेल्या. धनगराने मेंढरांना पाणी पाजायची दगडी डोण वरच मागितली. मग ज्याला त्याला काहीतरी सुचू लागलं; कुणाला ओवरी हवी, कुणाला दुसरा जिना. रेघांचा नुसता गुंता झाला. शेवटी सगुणेने भिंतीच्या रेघेवर दोर ताणायला लावला, तो धरून ती चालली आणि ओवरीसाठी दोर वळला तिथे गोंधळून मध्येच थांबली. म्हणाली, "ज्याच्यावाचून कुणाचं अडत न्हाई, ते पुसून टाक."

बहिर्जीने पायाने एकेक रेघ पुसली. उरल्या त्या रुंद पायऱ्या, डोण आणि सरळ भिंत. दोर सरळ तोवर पायरी, दोर वळला की खालची फरसबंदी, एवढं सगुणेने आपल्या हाताला शिकवलं. बहिर्जीने खंडोबाचा भंडारा उचलून शब्द दिला, "भिंत सरळच ऱ्हाईल, माय. पहिली घागर तूच भरायची."

काम अर्ध्यावर आलं तेव्हा देशमुख पाहायला आले आणि त्यांनी नाक मुरडलं. एवढा खर्च करून ही गुरांची उतरण बांधली का, असं ते म्हणाले म्हणे. भिंतीत हत्तींची रांग बसव, मग माझ्या गावच्या देवळाचं कामही तुझंच, अशी लालूच त्यांनी दाखवली. बहिर्जीला ते देऊळ डोळ्यांपुढे दिसू लागलं. हत्ती उमटले आणि गावही त्यांना भुललं. सगुणेला बहिर्जीने सांगितलंच असेल, असं जो तो समजला.

तिला आवाजावरून शंका आली होती. दगड सपाट करणारी छिन्नी एका सुरात वाजते, नक्षीची अडत अडत. भाकरी वाढताना तिने विचारलं, तर तो म्हणाला, "दगड कडक लागलाय, माय. जपून मारावं लागतं." तिने विश्वास ठेवला. वर त्याचे हात तेलाने चोळून दिले.

बारव पुरी झाली आणि तिच्या पूजेच्या दिवशी सगळं गाव काठावर जमलं. सगुणेने कुणाचा हात धरला नाही. काखेत रिकामी घागर, उजवा तळवा भिंतीवर, अशी ती ताठ उतरत गेली. अर्ध्यावर भिंत तिच्या हाताखाली वळली. फरसबंदी आली असं समजून तिने निर्धास्त पाऊल टाकलं. पुढे पायरी होती.

मांडीचं हाड मोडलं. पण ती त्यासाठी रडली नाही म्हणतात. वळली ती भिंत नव्हती, सोंड होती, हे तिच्या बोटांना कळलं होतं. बहिर्जी धावत आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हंजी दगड कडक नव्हता."

दुसऱ्या दिवसापासून बहिर्जीने देशमुखांना न जुमानता हत्ती तासून काढायला घेतले. बाजेवर पडल्या पडल्या ती ते ठोके ऐके. ती पडली तिथला शेवटचा हत्ती उरला तेव्हा तिने बहिर्जीला बोलावून घेतलं. भिंत पुन्हा सरळ करून देतो, असं म्हणत त्याने तिचे पाय धरले.

"त्यो एक ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "भिंत हुईल सरळ. माझा हात न्हाई टेकायचा आता तिच्यावर."

बहिर्जी गाव सोडून गेला. देऊळ दुसऱ्याच कुणी बांधलं. सगुणा मरेपर्यंत लोकांच्या हातचं पाणी प्याली.

आजही सावळखेडात घर बांधायचं तर आधी जमिनीवर राखेच्या फक्कीने आखणी करतात आणि घरातल्या सगळ्यांना त्या रेघांतून चालवतात; म्हाताऱ्यांना तर डोळे मिटून. मग घरातली थोरली बाई एक रेघ पायाने पुसते, तेव्हाच कुदळ पडते. आणि बारवेत उतरणाऱ्या बायका आजही उजवा हात भिंतीवर ठेवून उतरतात. हत्ती आला की हात काढून घेतात. तेवढी एक पायरी त्या आधाराशिवाय उतरतात.