जड सायकलीचं उत्तर

फार वर्षांपूर्वी, सायकली माणसांशी बोलत तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी मृण्मयी राहत असे. तिच्याकडे दोन सायकली होत्या. हलकी सायकल चढाला आणि लांबच्या वाटेला चांगली होती. जाड टायरांची जड सायकल दगडधोंड्यांच्या उतारावरून सुसाट जाई.

मृण्मयीला सावकाश चढायला, मध्येच थांबून दरी बघायला आवडे. पण तिच्या सोबतचे सगळे उतारावर जात. एकदा तिने जड सायकलीला विचारलं, "मला उतार जमेल का गं?"

लहानशा उतारालाही मृण्मयी ब्रेक सोडत नाही, हे सायकलीला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "जमेल की. सवयीने भीती जाते."

मृण्मयी जड सायकल घेऊन उतारावर निघाली. तिसऱ्या वळणावर घाबरून तिने करकचून ब्रेक दाबला आणि ती दगडांवर आपटली. गुडघा कायमचा गेला. दोन्ही सायकली पडवीत गंजू लागल्या.

"उतार तिच्यासाठी नाही, हे तुला कळत नव्हतं?" एके दिवशी हलकीने विचारलं.

"कळत होतं," जड सायकल म्हणाली. "पण मला उतरायचं होतं."

आतून मृण्मयी काठी टेकत खिडकीशी आली. तिने डोंगराकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.