बेटांवर न चाललेले नाणे

मुलांनो, वर राजाची मुद्रा उमटली म्हणजे नाणे खरे झाले काय?

फार पूर्वी एका राजाने समुद्रातील बेटांवर वसाहती वसवल्या. तेथे मीठ देऊन मासळी घ्यावी, मासळी देऊन नारळ, असा व्यवहार चाले. राजाने आज्ञा केली, "बेटांसाठी चांदीचे नाणे पाडा. आधी नमुना तेथील लोकांस दाखवा. त्यांनी पत्करले तरच ते चलनात आणा."

टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरणारा एक देवभीरू कारागीर होता. नमुन्याचे नाणे शुद्ध चांदीचे पडले. बेटांवर न्यायची पेटी भरताना मात्र टांकसाळीच्या कारभाऱ्याने तांब्याच्या नाण्यांना चांदीचा मुलामा देवविला.

"सरकार, हे नमुन्यासारखे नाही," कारागीर म्हणाला.

"कोळ्यांना कसली आली आहे पारख! तोंड उघडलेस तर हात तोडीन."

हातावरच त्याचे घर चालत होते. तो गप्प राहिला. पण देवापुढे उभे राहण्याची त्याला लाज वाटू लागली.

कारभारी आणि कारागीर यांना घेऊन जहाज बेटाला लागले. कारभाऱ्याने तबकात नमुना पुढे केला. बेटाची प्रमुख एक वृद्ध कोळीण होती. नमुन्याला हातही न लावता तिने पेटीत कोपरापर्यंत हात घातला.

"अहो, हे काय?"

"आमची रीत, कारभारीबुवा. वरची मासळी दाखवायची असते. आम्ही टोपलीच्या तळाची बघतो."

जमलेल्या बायका खुदकन हसल्या.

तळाचे नाणेही तसेच चकाकत होते. म्हातारीने कमरेला छिन्नी खोवलेल्या कारागिराकडे पाहिले. "ठसा तुझ्या हातचा ना रे, लेका? मग तूच सांग. दोन्ही सारखीच?"

कारभाऱ्याने डोळे वटारले. कारागिराने ईश्वराचे स्मरण केले.

"नाही, माय. आत तांबे आहे."

त्याने छिन्नीने नाणे खरवडले. लाल तांबे उघडे पडले आणि त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती पेटी बेटावर उतरलीच नाही. राजाने सारे ऐकून कारागिराला अभय दिले.

तात्पर्य एवढेच: भयापोटी खोट्याची पाठराखण करू नये, वेळेवर बोललेले सत्य पुष्कळांचे नुकसान टाळते.

कारभाऱ्याला राजाने कैदेत टाकले नाही. त्याचे वेतन हयातभर त्याच नाण्यांत द्यावे, असा हुकूम केला. तो बाजारात गेला की भाजीवाली नाणे परत करून म्हणे, "राहू द्या तुमच्यापाशीच." अखेर दोन घासांसाठी त्याला देवळाच्या अन्नछत्रात पत्रावळ मांडून बसावे लागले.