खोतांच्या फणसाची सावली

नव्या घराच्या दारांसाठी नारोपंत खोतांनी अंगणातला जुना फणस तोडायला काढला, तेव्हा माळीण भागीरथी आडवी आली. तिच्या बापाने लावलेलं झाड होतं ते. खोतांनी तिला बाजूला हुसकावून झाड पाडलं आणि त्याच लाकडाची दारं नव्या घराला बसवली.

ऐन वैशाखात व्याही जेवायला यायचे ठरले, तसे खोत तिच्यावरच गरजले, "उद्याची पंगत अंगणात बसेल. झावळ्यांचा भिकार मांडव नको. व्याह्यांना फणसाचीच सावली लागते, ती कुठूनही आण. जमत नसेल तर चालती हो!"

भागीरथीच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी ती एवढंच म्हणाली, "बरं, धनी."

दुसऱ्या दिवशी खोत व्याह्यांना बंदरावरून घेऊन आले. पाहतात तो अंगणात खांबांवर घराची सगळी दारं आडवी टाकलेली आणि त्यांच्या सावलीत पानं मांडलेली! घर मात्र सताड उघडं. माजघरातली मळकी अंथरुणंसुद्धा रस्त्यावरून दिसत होती.

"माझी दारं!" खोत किंचाळले.

"दारं कसली, धनी? तुमचा फणसच आहे तो!" भागीरथी कडाडली. "आता सावली घ्या, नाहीतर अब्रू झाका. दोन्ही हवं होतं, तर झाडावर कुऱ्हाड घालायची नव्हती!"